ॲक्टिव्ह स्पीकरला ऑल-इन-वन जोडायचाय? मग आधी डब्याची पाठ बघा

स्टुडिओ मॉनिटर म्हणून विकले जाणारे छोटे ॲक्टिव्ह, म्हणजे पोटातच अॅम्प्लिफायर असलेले, स्पीकर आता कोल्हापुरात बऱ्याच घरांत दिसतात. कुणी कीबोर्डसाठी घेतलेले, कुणी घरच्या घरी रेकॉर्डिंग करायला, कुणी नुसतेच टीव्हीचा आवाज बेकार म्हणून. मग काही महिन्यांनी वाटायला लागतं, याला सीडी लागावी, रेडिओ लागावा, मोबाइलवरची गाणी यावीत, आणि हे सगळं एकाच डब्यात असावं. डबा शोधला जातो, फोटो देखणा असतो, रिव्ह्यू चांगले असतात, ऑर्डर जाते. घरी खोका फोडल्यावर कळतं की मागे स्पीकरच्या वायरी पिळून बसवायचे लाल-काळे स्क्रू आहेत आणि आपल्या स्पीकरला तसलं काही बसतच नाही.

ही पाळी येऊ नये म्हणून खरेदी कुठल्या क्रमानं करायची, ते पुढे लिहिलंय.

पायरी १: आपला स्पीकर कुठल्या जातीचा?

स्पीकर भिंतीकडे तोंड करून फिरवा. प्लगची केबल नाही, नुसते लाल-काळे स्क्रू आहेत, तर तो पॅसिव्ह. त्याला बाहेरचा अॅम्प्लिफायर लागतोच, आणि मग नेहमीची कुठलीही ऑल-इन-वन सिस्टीम चालेल. तुम्हाला हा लेख वाचायची गरज नाही.

जोडीतल्या एकाच स्पीकरला प्लग आहे आणि दुसऱ्याला पहिल्याकडून साधी वायर जाते, तर तो पॉवर्ड. एडिफायर आर१२८०टी हे याचं ओळखीचं उदाहरण. दोन्ही स्पीकरना स्वतंत्र प्लग असेल आणि आत वूफरला (खालच्या सुरांचा मोठा पडदा) एक, ट्वीटरला (वरच्या सुरांचा छोटा) एक असे वेगळे अॅम्प असतील तर तो खरा ॲक्टिव्ह. यामाहा एचएस५ मध्ये वूफरसाठी ४५ वॉट आणि ट्वीटरसाठी २५ वॉटचा अॅम्प प्रत्येक स्पीकरच्या पोटात असतो. जेबीएल ३०५पी त्याच पठडीतला. खालचे आणि वरचे सूर वेगळे करायचं काम अॅम्पच्या आधीच उरकलेलं असतं, त्यामुळे कंपनीला प्रत्येक अॅम्प त्याच्या वूफर किंवा ट्वीटरच्या मापानं जुळवता येतो. दुकानदार दोन्हींना ॲक्टिव्हच म्हणतात. आपल्या कामापुरता फरकही पडत नाही, कारण दोन्हींना हवा असतो तो बारीक सिग्नल. ताकदीचा सिग्नल नकोच.

म्हणून ऑल-इन-वनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेले वॉट तुमच्या काही कामाचे नाहीत. तो अॅम्प तुमच्या घरात बसूनच राहणार. तालमीत पैलवानाला खुराक घालायचा आणि मैदानात दुसऱ्यालाच उतरवायचं, असला तो खर्च. स्पीकर पुढेमागे बदलायचा विचार असेल तर तो पैसा समजून-उमजून घाला, नसेल तर वाचवा.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो. डब्याच्या स्पीकर टर्मिनलवरून वायर ओढून ती ॲक्टिव्ह स्पीकरच्या इनपुटला जोडण्याचा जुगाड कुणी सांगेल, त्याच्या नादी लागू नका. लाइन सिग्नल, म्हणजे वर सांगितलेला बारीक सिग्नल, दोन व्होल्टच्या आसपास असतो, स्पीकर टर्मिनलवर त्याच्या कित्येक पट येऊ शकतो. शिवाय हल्लीच्या बऱ्याच छोट्या डिजिटल अॅम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड (अर्थिंग) नसतं. ते स्पीकरच्या ग्राउंडला टेकलं की अॅम्प जळालाच.

पायरी २: डबा लागतोच का?

विक्रेता हा प्रश्न विचारणार नाही, म्हणून आपणच विचारायचा. केईएफ एलएसएक्स टू सारख्या स्पीकरमध्ये वाय-फाय, स्ट्रीमिंग, टीव्हीसाठी एचडीएमआय सगळं आतच असतं. त्याला वेगळा ऑल-इन-वन म्हणजे तेच काम दोनदा. एडिफायर आर१२८०डीबी मध्ये ब्लूटूथ आणि ऑप्टिकल इनपुट आहे. फक्त मोबाइल आणि टीव्ही एवढंच ऐकणार असाल तर विषय तिथेच संपला.

डबा लागतो तो चार कारणांनी: कपाटात सीड्यांचा ढीग आहे, रेडिओ हवाय, रेकॉर्ड प्लेअर आहे, किंवा स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायला दर वेळी उठून मागे हात घालायचा कंटाळा आलाय. हे शेवटचं कारण फालतू वाटतं, पण बहुतेक स्टुडिओ मॉनिटरचं बटण पाठीमागे असतं, दोघांचं वेगवेगळं असतं, आणि रिमोट नसतो. घरातल्या वयस्कर माणसांना तर रिमोट नसलेली सिस्टीम वापरायला सांगूच नका.

पायरी ३: पाठ वाचायची कशी

या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही. डब्याच्या पुढच्या बाजूचे फोटो बघू नका. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा आणि मागच्या पॅनेलचं चित्र उघडून बसा.

तुम्हाला हवा असलेला शब्द आहे ‘प्री-आऊट’. डाव्या-उजव्या आरसीए सॉकेटची (लाल-पांढरी गोल भोकं) जोडी, आणि डब्याचा व्हॉल्यूम फिरवला की त्यातून बाहेर जाणारा सिग्नलही कमी-जास्त होतो. ‘व्हेरिएबल आऊट’ लिहिलं असेल तरी तेच.

नुसतं ‘लाइन आऊट’ लिहिलं असेल तर थांबा. तो बहुतेक वेळा फिक्स्ड असतो, म्हणजे डब्याचा व्हॉल्यूम शून्यावर असला तरी सिग्नल पूर्ण ताकदीनं बाहेर जातो. जुन्या काळी टेपवर रेकॉर्ड करायला ही सोय असायची. त्याला ॲक्टिव्ह स्पीकर जोडला तर रिमोट निरुपयोगी, आणि पहिल्याच गाण्याला शेजारी दारात. काही डब्यांत सेटिंगमधून फिक्स्डचं व्हेरिएबल करता येतं. मॅन्युअलमध्ये हे दोन शब्द शोधा.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘सब-आऊट’. सॉकेट तसलंच, त्यावर ‘प्री-आऊट’ हे शब्दही कधी छापलेले असतात, पण पुढे ‘सबवूफर’ जोडलेलं असतं. तिथून फक्त खालचे सूर मिळणार, गायकाचा आवाज नाही. सीडी-रेडिओवाल्या कित्येक मिनी सिस्टीममध्ये एवढा एकच आऊटपुट असतो.

हेडफोनच्या भोकातून काम भागतं का? भागतं. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेपासून दोन आरसीए निघणारी केबल घ्यायची, व्हॉल्यूम डब्यावरून चालतो. थोडी खरखर वाढू शकते आणि काही डब्यांत हेडफोन लावला की बाकीचे आऊटपुट बंद होतात. घरात आधीच जुनी मिनी सिस्टीम असेल तर नवीन काही घेण्याआधी हा प्रयोग करून बघाच. केबलचे दोनतीनशे रुपये जातील, आणि कुणी सांगावं, तेवढ्यावरच भागेल.

आता नावं घेऊन बोलू. विम कंपनीचे दोन डबे नावानं सारखेच वाटतात. विम अॅम्पला स्पीकर टर्मिनल आणि सब-आऊट आहे, डाव्या-उजव्याचा प्री-आऊट नाही. ॲक्टिव्ह स्पीकरवाल्यानं तिकडे जाऊ नये. विम अल्ट्रामध्ये मुळात स्पीकरचा अॅम्पच नाही. आरसीए आऊटपुट आहे, रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुट आहे, टीव्हीचा आवाज डब्यात आणायला एचडीएमआय एआरसी आहे, म्हणजे आपल्या कामाचा बरोबर तोच. ब्लूसाउंड नोडही अॅम्प नसलेला, व्हॉल्यूम बदलणारा आऊटपुट असलेला. दोन्हींत सीडीचं तोंड नाही, एफएमही नाही. वरच्या किमतीत केंब्रिज ऑडिओ ईव्हो ७५ मध्ये अॅम्प आहे आणि प्री-आऊटही आहे, म्हणजे आज ॲक्टिव्ह, उद्या पॅसिव्ह, दोन्ही वाटा मोकळ्या. नेमच्या युनिटी अॅटमची हेडफोन एडिशन तर स्पीकरचा अॅम्प काढून, आरसीए आणि एक्सएलआर (माइकसारखा तीन पिनांचा) दोन्ही प्री-आऊट देऊन बनवलेली. तिची किंमत मात्र बऱ्याच जणांच्या स्पीकरच्या कित्येक पट होईल. एचएस५ समोर ती ठेवणं मला पटत नाही. तेवढे पैसे असतील तर आधी स्पीकर बदला, आवाजातला फरक तिथून जास्त येतो.

माझं मत विचाराल तर नवख्यानं अॅम्प नसलेला स्ट्रीमर-प्रीअॅम्प (विम अल्ट्रासारखा, इंटरनेटवरची गाणी वाजवणारा आणि व्हॉल्यूम सांभाळणारा डबा) घ्यावा आणि सीडीची सोय वेगळी करावी. ‘सगळं एकाच डब्यात’ हा हट्ट सीडीपाशी सोडला की निवड एकदम सोपी होते. घरात पडलेल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरला मागे लाल-पांढरे आरसीए असतातच, ते डब्याच्या लाइन-इनला गेले की झालं. त्याला ऑप्टिकल आऊटपुट असेल तर आणखी बरं.

पायरी ४: आत काय काय हवं

रेडिओ ऐकणारं घर असेल तर एफएम ट्यूनर बघून घ्या. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ वर आणि टोमॅटो एफएम ९४.३ वर लागतं, आणि शहरात डब्याबरोबर येणारी साधी वायरची अँटेना सहसा पुरते. ‘डीएबी प्लस’ लिहिलंय म्हणून मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका. ती युरोपातली डिजिटल रेडिओची पद्धत, आपल्याकडे तिचं प्रसारण नाही. आकाशवाणीनं डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत घेतली आहे, ती या डब्यांत लागत नाही.

मोबाइलसाठी ब्लूटूथ बहुतेक सगळ्यांत असतं. त्यात आवाज दाबून पाठवतात. नेहमीची एसबीसी पद्धत साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जाते, सीडीचा आकडा १४११. रोजच्या ऐकण्यात हा फरक लोक सांगतात तेवढा मोठा नसतो. वाय-फायची खरी सोय वेगळी आहे: गूगल कास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्टनं गाणं लावलं की ते डबा स्वतःच इंटरनेटवरून ओढतो, त्यामुळे फोन वाजला तरी गाणं तुटत नाही आणि फोन घेऊन तुम्ही खुशाल रंकाळ्यावर जा. शिवाजी पेठ-मंगळवार पेठेतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत वाय-फाय माजघरापर्यंत पोचताना दमतं. तिथे लॅनची वायर ओढता येईल असा डबा घ्या.

टीव्ही जोडायचा असेल तर एचडीएमआय एआरसी असलेला डबा बघा, आणि टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) निवडा. नाहीतर काही चॅनेलना आवाज येतो आणि काहींना येत नाही. रेकॉर्ड प्लेअर असेल तर ‘फोनो एमएम’ (एमएम म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट, नेहमीच्या जातीची सुई) लिहिलेलं इनपुट हवं. सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, साध्या लाइन-इनला लावला तर आवाज दूरच्या विहिरीतून यावा तसा बारीक येतो. प्लेअरमध्येच फोनोची सोय असेल तर दोन्हीकडे चालू ठेवू नका, एक बंद करा.

पायरी ५: पैसे देण्याआधी

मोठ्या ब्रँडचं प्रत्यक्ष ऐकायला बहुतेकदा पुण्या-मुंबईलाच जावं लागतं, त्यामुळे कोल्हापुरातून खरेदी ऑनलाइनच होते. ठीक आहे, पण विक्रेत्याला तीन प्रश्न लिहून विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या: डावा-उजवा प्री-आऊट आहे का, तो व्हेरिएबल आहे का, आणि बिघडलं तर डबा पाठवायचा कुठे. जीएसटीचं बिल जपा, वॉरंटी त्यावरच चालते.

पाहुणा अमेरिकेहून येतोय, स्वस्तात आणतो म्हणतोय? तिथला पुरवठा १२० व्होल्ट, जपानचा १००, आपला २३०. मागच्या पट्टीवर ‘१००-२४०’ छापलं असेल तर बिनधास्त. नुसतं १२० किंवा १०० असेल तर नको. जपानहून आलेल्या जुन्या देखण्या मिनी सिस्टीमच्या मोहात पडणाऱ्यांनी ही पट्टी आधी बघावी. दुबईचा पुरवठा आपल्यासारखाच २३०, फक्त प्लग बदलावा लागतो.

पायरी ६: केबल

डब्यातून आरसीए निघतो, स्पीकरला मात्र एक्सएलआर किंवा जाड टीआरएस (मोठ्या हेडफोनसारखी पाव इंची पिन) लागतो, असं बऱ्याचदा होतं. एचएस५ ला आरसीए नाहीच. अॅडम टी५व्ही ला आहे. ऑनलाइन तयार केबल मिळते, पण आपल्या गावात मंडळांच्या साउंडची कामं करणारी इतकी मंडळी आहेत की दर्जेदार केबल सोल्डर करून घेणं अवघड नाही. त्यांना सांगायचं: आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या २ नंबरला, आणि १ व ३ एकत्र करून शील्डला (वायरीच्या बाहेरच्या जाळीला). स्पीकर वेगवेगळ्या ठिकाणी असणार, म्हणून दोन केबल आणि दोन्हीकडे प्लगपॉइंट, याचा हिशेब फर्निचर करायच्या आधी करा. डब्यालाच एक्सएलआर असेल आणि अंतर पाच-सहा मीटरच्या वर जाणार असेल तर तोच वापरा, बाहेरची खरखर कमी शिरते. हजारोंच्या ‘ऑडिओफाइल’ केबलकडे वळूनही बघू नका.

पायरी ७: पहिल्यांदा चालू करताना

डब्याचा व्हॉल्यूम तळाला. दोन्ही स्पीकरच्या मागचं बटण सारख्याच खुणेवर, निम्म्याच्या खालीच. ‘+४’ आणि ‘-१०’ असा स्विच असेल तर सुरुवात +४ वर करा, तिथे स्पीकर कमी संवेदनशील असतो. मग आधी डबा चालू, शेवटी स्पीकर. बंद करताना उलटं, स्पीकर आधी. क्रम चुकला तर ‘धप्प’ आवाज येतो, आणि तो ट्वीटरला बरा नाही.

आता गाणं लावा. डब्याचा व्हॉल्यूम जरासा हलवला की कानठळ्या बसत असतील तर स्पीकरच्या मागचं बटण आणखी खाली घ्या. तुमचं नेहमीचं ऐकणं डब्याच्या व्हॉल्यूमच्या मधल्या पट्ट्यात यायला हवं. स्पीकर पूर्ण उघडे आणि डबा सदा तळाशी, अशी मांडणी असेल तर शांततेत सततचा ‘हिस्स’ ऐकू येतो, आणि लोक डब्याला नावं ठेवतात.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो बहुतेक अर्थिंगचा. डबा आणि दोन्ही स्पीकर एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी गेला नाही तर टीव्हीची केबल किंवा डिशची वायर काढून बघा, चोर बऱ्याचदा तिथे सापडतो. प्लगची अर्थची पिन मोडून आवाज घालवायचा उपाय कुणी सुचवला तर त्याला हात जोडा. शॉक लागला तर गाणं ऐकायला आपण नसू. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच घूं येत असेल तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार, साइन वेव्हवर हा त्रास सहसा नसतो.

पायरी ८: खोली आणि कान

दहा बाय बाराच्या खोलीला पाच इंची वूफर भरपूर. गणपतीत डॉल्बीची भिंत छातीवर घेत वाढलेल्या कानाला सुरुवातीला बेस कमी वाटेल, पण आठ इंची घेऊ नका. छोट्या खोलीत डग्ग्याचे बोल नुसते घुमत राहतील.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला. मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून वीतभर तरी पुढे. भिंतीला चिकटवण्याशिवाय इलाज नसेल तर मागचा खालचे सूर कमी करणारा ‘रूम कंट्रोल’ स्विच -२ किंवा -४ वर टाका, तो त्यासाठीच आहे. गुळगुळीत फरशीच्या फ्लॅटमध्ये आवाज कर्कश वाटतो. एक जाड सतरंजी आणि पडदे टाका, मग तक्रार करा.

तपासायला ओळखीचंच ऐका. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांची जुनी मोनो रेकॉर्डिंग घराघरांत आहेत. मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज असल्यामुळे तो दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर मागची बटणं किंवा अंतर सारखं नाही. तानपुरा लावून बघा, तारेची जवार (तिचा गुंजारव) उलगडते की नुसती भुणभुण येते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यामुळे त्या गायकीचा कान असणारी घरं इथे आजही आहेत, आणि तिथे ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं जास्त ऐकलं जातं. त्या रेकॉर्डिंगवरून स्पीकरची पारख करू नका, वरचे आणि खालचे सूर तिथे मुळातच नाहीत. पण ऐकणार तेच असाल तर ट्वीटरचा ‘हाय ट्रिम’ (वरचे सूर कमी-जास्त करायचा स्विच) -२ वर घ्या. खरखर मागे सरते, गळा पुढे येतो.

रात्री हळू आवाजात ऐकताना स्पीकर मध्येच झोपी जात असतील तर घाबरू नका, तो ऑटो स्टँडबाय आहे. बारीक सिग्नल त्याला सिग्नलच वाटत नाही. बऱ्याच मॉडेलना मागे तो बंद करायचा स्विच असतो. वळवाचा पाऊस आणि कडकडाट सुरू झाला की मात्र नुसत्या स्टँडबायवर विसंबू नका, प्लग काढा, आणि डिशची वायर व लॅनची वायरही काढून ठेवा.